विद्यापीठांतील समित्या व त्यांचें राजकारण

दि. १८ नोव्हेंबर १९६२ रोजीं राष्ट्रपति डॉ. राधाकृष्णन् यांच्या हस्तें कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठाचें उद्घाटन झालें. तोंपर्यंत येथील राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांस पदवीसाठीं आधीं मुंबई व पुढें पुणें विद्यापीठाकडे पाहावें लागे. विद्यापीठ घरीं आलें, तसें त्याचें राजकारणहि घरीं आलें. अनेकांनीं मिळून ठरवावयाचें तेथें पक्ष पडावयाचेच. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.

१९९४ च्या कायद्याप्रमाणें विद्याशाखांचे अधिष्ठाते निवडून येत. २०१६ च्या कायद्यानें ते नेमले जाऊं लागले. परंतु निवडणूक टळली म्हणून राजकारण टळत नाहीं. तें मतपेटींतून उठून निवड समितीच्या दालनांत जाऊन बसतें, इतकेंच.

समजा, एखाद्या अभ्यासमंडळापुढें जुना पेपर काढून नवा घालण्याचा प्रश्न आहे. सभासद कोल्हापूर, सांगली व सातारा या तिन्ही जिल्ह्यांतले. पेपर गेला कीं तो शिकविणाऱ्याचा कार्यभार घटतो. क्वचित् जागाच धोक्यांत येते. हें तो सभेंत कसें बोलणार? तो विषयाच्या प्रतिष्ठेवर बोलतो. मनांत असते पोटाची काळजी. सुधारणावादी तरुण त्याला जीर्णमतवादी ठरवितो, आणि दोन तास तात्त्विक वाद चालतो! सभेपूर्वीं त्या गृहस्थास भेटून, नव्या पेपरांतील कोणता भाग त्याच्याकडे येईल हें ठरविणारा सभासद तोच ठराव थोडक्यांत संमत करून घेतो. अशा भेटीस कारस्थान म्हणण्याची चाल आहे. जें खासगींत ठरलें तें सभेंत उघडपणें सांगतां येत असेल, तर तें कारस्थान नव्हे.

उपसमितीची गोष्ट निराळी. प्रश्न सोडविण्यासाठीं ती नेमतात, तशीच निजविण्यासाठींहि. तिला मुदत किती, आणि अहवाल कोणापुढें यावयाचा, हें ठरावांतच नसेल, तर ती दुसऱ्या प्रकारची समजावी.

सर्वांत दुर्लक्षित वस्तु म्हणजे इतिवृत्त. पुढील सभेच्या आरंभीं तें कायम होतें, त्या वेळीं सभासद चहाच्या पेल्यांत गुंतलेले असतात. जो वाचतो, त्यास कधीं कधीं आढळतें कीं आपला विरोध नोंदलाच गेला नाहीं. नुसतें रागावून उठून गेलेल्याचा विरोध तर नोंदीस लागतच नाहीं. भिन्नमत लेखी द्यावें लागतें. तसेंच ‘चर्चा झाली’ हें एक लिहिणें आणि ‘संमत झालें’ हें दुसरें. चंदगडकडच्या मुलाला जूनमध्यें नवा पेपर मिळणार कीं जुनाच, तें त्या ओळीवर ठरतें.