नमलेला गुडघा
(देवळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या पूर्वतयारीप्रीत्यर्थ केलेलें प्रवचन)



महोत्सवानिमित्त आपल्या देवळाच्या भिंतींना नवा रंग दिला गेला, वेदी उजळली गेली. परंतु बाकांपुढील गुडघे टेकण्याच्या फळ्यांना हात लावूं नये, असें आम्हीं सांगितलें. पन्नास वर्षें आपले आईबाप व आजेआज्या जेथें नमले, तेथें लांकूड झिजून गुळगुळीत झालें आहे. या देवळाचा खरा इतिहास त्या फळ्यांवर लिहिलेला आहे. म्हणून आज पवित्र शास्त्राच्या आधारें नमन या एकाच विषयाचा विचार करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या मराठींत नमन, वंदन, दंडवत, लोटांगण असे अनेक शब्द आहेत. जुन्या कराराच्या इब्री भाषेंत मात्र भूमीपर्यंत लवणें या अर्थीं बहुधा एकच क्रियापद येतें. मग तें लवणें देवापुढें असो वा मनुष्यापुढें. तंबूच्या दाराशीं तीन पाहुणे दिसतांच आब्राहाम धांवत गेला व भूमीपर्यंत लवला. पुढें सारेच्या थडग्यासाठीं जागा विकत घेतांना तो हित्ती लोकांसमोरही तसाच लवला. कृति एकच, भेद अंतःकरणांत. हाच भेद ध्यानीं धरून इ. स. ७८७ मध्यें निकेया येथील दुसर्‍या धर्मपरिषदेनें ठरविलें कीं, पवित्र प्रतिमांना आदरानें वंदन करणें योग्य आहे. आराधना मात्र एकट्या देवाचीच होय.

हा देवाचा हक्क राखण्यासाठीं भक्तांनीं प्राण पणास लाविले. बाबेलच्या राजानें ६० हात उंचीची सुवर्णमूर्ति उभारिली व वाद्यें वाजतांच सर्वांनीं तिच्यापुढें पालथें पडावें, अशी आज्ञा केली. तीन इब्री तरुण तेवढे उभे राहिले आणि अग्नीच्या भट्टींत गेले. मी एकटाच उरलों, असें एलियास वाटलें, तेव्हां बाआलापुढें गुडघा न टेकलेले ७,००० लोक इस्राएलांत शिल्लक आहेत, असें देवानें त्यास कळविलें. अरण्यांत सैतानानें प्रभूजवळ मागितलें तेंही एक नमनच. त्याच्या मोबदल्यांत तो जगांतील सर्व राज्यें देऊं करीत होता. प्रभूनें तो सौदा झिडकारिला. एका नमनाची किंमत एवढी मोठी आहे!

परंतु गुडघा खोटेंही बोलूं शकतो. शिपायांनीं प्रभूच्या मस्तकीं कांट्यांचा मुकुट घातला आणि त्याच्यापुढें गुडघे टेकून त्याची थट्टा केली. शरीर लवलें होतें, मन हंसत होतें. शिपायांच्या या नमनापासून आपलें नमन किती दूर आहे, हें प्रत्येकानें आपल्या मनास विचारावें.

खरें नमन कसें ओळखावें? याकोबाकडे पाहा. त्यानें कपटानें बापाचा आशीर्वाद मिळविला. भाऊ तुझ्यापुढें नमतील, हेंही त्या आशीर्वादांत होतें. वीस वर्षांनीं तो घरीं परत निघाला, तेव्हां एसाव ४०० माणसें घेऊन समोरून येत होता. आदल्या रात्रीं याकोबानें देवाशीं झोंबी केली होती. तिनें तो लंगडा झाला होता. तशा लंगडत्या पायांनीं तो पुढें गेला व भावापर्यंत पोहोंचतांना सात वेळां भूमीपर्यंत लवला. ज्याला नमन मिळावयाचें होतें, तोच नमला. एसाव धांवत आला आणि दोघे गळ्यांत गळा घालून रडले. तुझें मुख पाहणें म्हणजे देवाचें मुख पाहण्यासारखें आहे, असें याकोब त्यास म्हणाला. देवाशीं झालेली रात्रीची भेट खरी होती, हें सकाळच्या त्या सात नमनांनीं सिद्ध झालें.

याहून मोठें आश्चर्य शेवटच्या भोजनाच्या रात्रीं घडलें. ज्याच्या नांवापुढें प्रत्येक गुडघा टेकला पाहिजे, तोच कमरेस रुमाल बांधून शिष्यांच्या पायांशीं वांकला. यहूदाचे पायही त्यानें वगळले नाहींत.

गुरुदीक्षेच्या दिवशीं सर्व संतांची लितानी चालूं असतां आम्ही देवळाच्या फरशीवर पालथे पडलों होतों. तें सोपें होतें. पुढें एका कुटुंबास आम्हीं कठोर शब्दांनीं दुखविलें. त्यांच्या उंबरठ्यावर जाऊन क्षमा मागण्यास आम्हांस सात महिने लागले. त्या सात महिन्यांत आम्ही नित्य वेदीपुढें गुडघा टेकीत होतों, हें सांगतांना आम्हांस लाज वाटते.

बंधूंनो, या देवळांत एकाच बाकावर गुडघे टेकणारे सख्खे भाऊ बांधावरून, विहिरीच्या पाण्यावरून वर्षानुवर्षें एकमेकांशीं बोलत नाहींत. अर्पण वेदीजवळ ठेवून आधीं भावाशीं समेट करावा, ही प्रभूची आज्ञा आपणांस ठाऊक आहे. लेवीय ग्रंथांत पन्नासावें वर्ष पवित्र ठरविलें आहे. त्या वर्षीं शिंग फुंकलें जाई, विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाई आणि दारिद्र्यामुळें स्वतःस विकून घेतलेला भाऊ आपल्या घरीं जाई. आपलेंही हें पन्नासावें वर्ष आहे. पताका लावून तें साजरें होणार नाहीं.

ज्यांचे गुडघे आतां वांकत नाहींत, त्या आमच्या वृद्ध मायबापांनीं खंत करूं नये. म्हातारपणीं याकोबानें आपल्या काठीच्या टोंकावर टेकून देवाची आराधना केली, असें इब्री लोकांस पत्रांत म्हटलें आहे. देव गुडघ्याआधीं हृदय पाहतो.

महोत्सवाच्या मिस्सेस येण्यापूर्वीं प्रत्येकानें एक घर आठवावें, जेथें आपलें जाणें थांबलें आहे. तेथें आधीं जावें, मग येथें येऊन गुडघे टेकावे. पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नांवानें. आमेन.