लोणचं नुसत्या तेलानं टिकत नाही



वळवाची एखाददुसरी सर पडून गेली, बाजारात कैऱ्यांचे ढीग लागले. आता पंधरा दिवस घरोघरी अडकित्ते चालणार. आम्ही गटातल्या अकराजणी आज बोलायला आलोय ते लोणच्यावरच, पण कृती सांगायला नाही. कृती तुम्हांला आमच्यापेक्षा चांगली येते. आमची एक चूक झाली होती, ती सांगायची आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात लसूण स्वस्त होती, हिरवी मिरचीही भरपूर आली होती. कुणीतरी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. सोललेल्या पाकळ्या, अख्ख्या मिरच्या, चवीपुरतं मीठ आणि बाटलीच्या गळ्यापर्यंत तेल. वर्षभर टिकतं म्हणे. आम्हांला ते पटलं, कारण फोडी तेलात बुडाल्या की लोणचं टिकतं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. आम्ही 32 बाटल्या भरल्या. दिसायला अशा सुरेख, की पहिल्याच आठवडी बाजारात सात खपल्या.

त्याच आठवड्यात कृषी विज्ञान केंद्रातल्या गृहविज्ञानाच्या ताई बैठकीला आल्या. आम्ही कौतुकानं बाटली पुढे केली. त्यांनी झाकण उघडलंच नाही. एवढंच विचारलं, "यात आंबट काय घातलंय?" आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहत राहिलो. आंबट काहीच नव्हतं. "मग ही चाखूसुद्धा नका," त्या म्हणाल्या.

मातीत एक जंतू असतो. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम असं त्याचं अवघड नाव. नाव विसरलात तरी चालेल, त्याची खोड लक्षात ठेवा. त्याला हवा सोसत नाही. लसूण, कांदा, गाजर, बटाटा मातीतच वाढतात, म्हणून त्याचं बी त्यांच्या अंगाला चिकटून येतं. साध्या उकळत्या पाण्यातही ते मरत नाही. उघड्यावर ते निपचित पडून राहतं. पण ओली, बिनआंबट भाजी तेलाखाली बुडवली की हवा तुटते आणि त्याला हवं तसं घर मिळतं. मग ते वाढतं आणि विष तयार करतं. बुरशी डोळ्यांना दिसते, नासलेल्याचा वास येतो. हे विष मात्र दिसत नाही, वासावरून किंवा चवीवरून कळेल असंही नाही. 1985 साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात एका हॉटेलात तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणीनं 36 माणसं आजारी पडली होती.

हे ऐकल्यावर आमच्या पायाखालची जमीन सरकली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी-दोघी मिळून गावोगाव फिरलो. सहा बाटल्या परत मिळाल्या, पैसे परत दिले, काहींची बोलणीही खाल्ली. सातवी अर्धी संपली होती. त्या काकूंना आम्ही दहा दिवस रोज फोन केला. डोळ्यांना एकाची दोन दिसतात का? पापण्या जड होतात का? गिळताना, बोलताना त्रास होतो का? हात-पाय ढिले पडल्यासारखे वाटतात का? यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, थेट मोठ्या दवाखान्यात जायचं आणि तेलातलं काय खाल्लं ते डॉक्टरांना आपणहून सांगायचं. हा आजार श्वासापर्यंत पोचतो, त्यावरचं औषध वेळेत मिळावं लागतं. काकूंना काही झालं नाही. पण ते दहा दिवस आमच्यातली एकही नीट झोपली नाही.

मग आजीची कैरी कशी टिकत होती? कैरी मुळातच आंबट. त्यात किलोला दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ. हळद-मीठ चोळून ठेवलं की खार सुटतो आणि आंबट-खारट पाणी फोडीच्या आतपर्यंत मुरतं. टिकवण्याचं काम इथंच होतं. वरचं तेल म्हणजे बरणीवरचं झाकण. बुरशीला हवा लागते, ती तेल अडवतं. कैरी धुऊन कोरडी पुसायची, बरणीला हिंगाची धुरी द्यायची, तेल कडकडीत तापवून पूर्ण गार करून ओतायचं, वर दादरा बांधायचा, ओला चमचा घालायचा नाही, हे सगळं आजी उगीच सांगत नव्हती. हल्ली "बीपी आहे, मीठ कमी घाला" म्हणतात. तर मग लोणचं कमी खा, बरणीतलं मीठ कमी करू नका.

मिरची, लसूण, गाजर यांच्यात स्वतःचं आंबट नाही, ते आपण घालायचं. आम्ही आता किलोभर मिरचीला पाव लिटर लिंबाचा रस घेतो आणि मिरच्या चिरूनच घालतो. अख्ख्या मिरचीच्या पोटात रस शिरत नाही. लसणीच्या पाकळ्या उभ्या चिरून किलोला चारशे मिलिलिटर रस घेतो. दोन्हींत मीठ किलोला दीडशे ग्रॅम. चार-पाच दिवस रोज हलवत रसातच मुरू देतो, तेल त्यानंतर. लिंबू महाग असेल तर बाजारचं व्हिनेगर चालतं, पण त्यात पाणी घालायचं नाही.

गवार, भेंडी, वांगी तेलात भरायच्या फंदात पडूच नका. आपल्याकडे त्यांचं वाळवण होतं, तेच बरं. एखादीला लसणीचं तेल घरच्यापुरतं हवंच असेल तर थोडं करावं, फ्रीजमध्ये ठेवावं आणि चार दिवसांत संपवावं. फ्रीज नसेल तर त्या दिवशीचं त्या दिवशी.

विकणाऱ्या गटांसाठी एक गोष्ट. आंबटपणा मोजायच्या पीएचच्या कागदी पट्ट्या मिळतात. तेल घालण्याआधी थोडं लोणचं वाटून त्यात पट्टी बुडवा. आकडा 4.6 च्या खाली हवाच. आम्ही 4 च्या वर गेलेली बरणी बाजारात नेत नाही, पुन्हा लिंबू पिळतो. अन्न परवान्याची नोंदणी करा आणि बाटलीवर भरल्याची तारीख टाका. आमच्या त्या बाटल्यांवर तारीख नव्हती, म्हणून शोधताना दुप्पट हेलपाटे पडले.

आणि हा कार्यक्रम ऐकताना तुमच्या फडताळात अशी बिनआंबटाची बाटली असेल, तर ती "बघू तरी" म्हणून उघडू नका. गुरांना, कोंबड्यांना घालू नका, उकिरड्यावर फेकू नका. आम्ही राहिलेल्या बाटल्या झाकणासकट पिशवीत गच्च बांधल्या आणि विहिरीपासून लांब, कमरेएवढ्या खोल खड्ड्यात पुरल्या. नंतर हात साबणानं दोनदा धुतले.