‘ड्रॉप आउट’ आणि ‘ड्रॉपआउट’ : अर्थ व उपयोग
(प्राथमिक शिक्षक-संमेलनातील भाषण)



शाळेच्या दप्तरात काही इंग्रजी शब्द इतके रुळले आहेत की त्यांचा अर्थ कोणी विचारीत नाही. ‘ड्रॉपआउट’ हा त्यांपैकी एक होय. कोणी म्हणतो, “अमुक मुलगा ड्रॉपआउट आहे.” कोणी म्हणतो, “तो ड्रॉपआउट झाला.” कोणी विचारतो, “आपल्या शाळेचा ड्रॉपआउट किती?” पहिल्या वाक्यात तो व्यक्तिवाचक आहे, दुसऱ्यात क्रियेचा बोध करतो, तर तिसऱ्यात प्रमाण दाखवितो. सन २००० पासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. तेव्हा हा शब्द शिक्षकाला नीट ठाऊक असणे अगत्याचे आहे.

प्रथम क्रियापद पाहू. ‘ड्रॉप’ म्हणजे पडणे किंवा पाडणे. ‘आउट’ म्हणजे बाहेर. इंग्रजीत क्रियापदाला असा लहानसा शब्द जोडला की अर्थ पालटतो. मराठीला ही रीत अपरिचित नाही. ‘पडणे’ हे एकच क्रियापद ‘मागे पडणे’, ‘आजारी पडणे’, ‘उपयोगी पडणे’ यांत किती निरनिराळे अर्थ घेते! तद्वत ‘ड्रॉप इन’ म्हणजे वाटेत सहज कोणाकडे डोकावणे, ‘ड्रॉप ऑफ’ म्हणजे कोणास पोचवून सोडणे किंवा डुलकी लागणे, आणि ‘ड्रॉप आउट’ म्हणजे चालू असलेल्या कार्यातून, ते पुरे होण्यापूर्वी, बाहेर पडणे. शर्यतीतला धावपटू मध्येच थांबतो, निवडणुकीतील उमेदवार माघार घेतो, जुना शब्द वापरातून जातो, या सर्व ठिकाणी हे क्रियापद चालते. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील काही तरुणांनी रूढ समाजजीवनाकडे पाठ फिरविली, त्यासही हाच शब्द लावला गेला.

उपयोगाचे तीन नियम ध्यानात ठेवावेत. पहिला असा की, हे क्रियापद अकर्मक आहे. ‘ही ड्रॉप्ड आउट द स्कूल’ हे अशुद्ध. ‘ही ड्रॉप्ड आउट ऑफ स्कूल’ हे शुद्ध. ‘आउट’ नंतर ‘फ्रॉम’ न घेता ‘ऑफ’ घ्यावा. दुसरा असा की, अकर्मक असल्यामुळे त्याचा कर्मणी प्रयोग होत नाही. ‘ही वॉज ड्रॉप्ड आउट’ असे पुष्कळदा लिहिले जाते, ते टाळावे. खेळाडूला संघातून वगळले, तर ‘ही वॉज ड्रॉप्ड फ्रॉम द टीम’ असे ‘आउट’ वाचून म्हणतात. तो आपण होऊन बाहेर पडला, तर ‘ही ड्रॉप्ड आउट ऑफ द टीम’. तिसरा नियम लेखनाचा व उच्चाराचा. क्रियापद दोन शब्दांत लिहितात व जोर ‘आउट’ वर देतात. नाम जोडून किंवा मध्ये संयोगचिन्ह देऊन लिहितात व जोर ‘ड्रॉप’ वर देतात. नामाचे अनेकवचन ‘ड्रॉपआउट्स’ होते. भूतकाळ मात्र क्रियापदालाच लागतो व तो ‘ड्रॉप्ड आउट’ असा होतो. वर्गात ‘टेक ऑफ’, ‘ब्रेक डाउन’ या जोड्या याच रीतीने म्हणवून घेतल्यास मुलांच्या कानाला हा भेद लवकर कळतो.

आता मराठी प्रतिशब्दाकडे वळू. १९२९ साली हार्टोग समितीने प्राथमिक शिक्षणातील दोन दोष दाखविले. अभ्यासक्रम पुरा होण्यापूर्वी मूल शाळेतून निघून जाणे हा एक, व एकाच वर्गात वर्षानुवर्षे राहणे हा दुसरा. त्यांना मराठीत ‘गळती’ व ‘स्थगिती’ हे शब्द रूढ झाले. ‘गळती’ हे घटनेचे नाव आहे, मुलाचे नव्हे. म्हणून जो त्याच वर्गात राहिला तो गळला नाही. जो दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत बसला तोही गळला नाही. आणि ज्याचे नाव कधी पटावर चढलेच नाही, तो शाळाबाह्य असला तरी ‘ड्रॉपआउट’ नव्हे, कारण जो आत आला नाही तो बाहेर कसा पडेल? पत्रक भरताना हे चार प्रकार एकत्र केले की आकडा खोटा ठरतो व उपाय चुकतो.

याहून महत्त्वाची गोष्ट व्याकरणातच दडलेली आहे. अकर्मक क्रियापदाचा कर्ता मूल असते. त्यामुळे ‘मूल बाहेर पडले’ असे म्हणताच जबाबदारी नकळत मुलावर जाते. वस्तुतः ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास गाव सोडणाऱ्या कुटुंबातील मूल शाळा सोडत नाही. घरच निघाले म्हणून तेही निघते. धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी घरी ठेवलेल्या मुलीने तरी काय सोडले? तिच्यापुढे निवडीचा प्रश्नच आला नाही. अशा वेळी शब्द लिहून थांबू नये, कारण लिहावे. कारण कळले तर हंगामी वसतिगृह, पालकांची भेट, पुढच्या गावच्या शाळेशी पत्रव्यवहार यांपैकी काय करावयाचे ते ठरते.

नामाचा आणखी एक धोका आहे. क्रियापदाला काळ असतो. ‘तिने शाळा सोडली होती’ असे म्हणता येते, आणि पुढे ‘आता ती येते’ असेही. नामाला काळ नसतो. ते माणसाला चिकटते. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यानुसार, शिक्षण अपुरे राहिलेल्या मुलास वयानुरूप वर्गात प्रवेश आणि इतरांच्या बरोबरीस येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. आधीच्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला, एवढ्यावरून प्रवेश अडविता येत नाही. झाडावरून गळलेला मोहोर पुन्हा फांदीला लागत नाही. मुलाचे तसे नाही.

सारांश, ‘ड्रॉपआउट’ हा शब्द तक्त्यात असावा, वर्गात नसावा. परत आलेल्या मुलाला शिक्षकाने त्याच्या नावाने हाक मारावी, आणि हजेरीत ते नाव इतरांच्या नावांबरोबर, त्याच आवाजात उच्चारावे.