सदुसष्ट घरांचा पट



आमचे शिक्षण सातवीत थांबले. पुढचे गणित आम्ही पगारपत्रकांवर शिकलो. तेव्हा आज आम्ही एका संख्येवर बोलतो आहोत, ते तेवढ्याच अधिकाराने.

बुद्धिबळाच्या पटावरील दाण्यांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, असे दुप्पट करीत चौसष्ट घरे भरायची. तोच पट आणखी तीन घरांनी वाढविला, तर एकूण दाणे होतात १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. मर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ साली लिहून ठेवले, की ही संख्या मूळ आहे. एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला कशानेही भाग जात नाही. १८७६ साली ल्यूका या गणितज्ञाने सिद्ध केले, की भाग जातो. पण कशाने, ते त्यालाही सांगता येईना! त्याच्या रीतीत भाजक हाती लागतच नाही.

पुष्कळांना हे चमत्कारिक वाटेल. आम्हांला वाटले नाही. एका कारखान्यात जादा कामाच्या पैशांचा हिशेब आम्ही नवाचा ताळा घेऊन पाहिला. ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबरच असे नव्हे. पण न जुळला तर चूक नक्की. तो जुळेना. साहेब म्हणाले, "चूक कोठे आहे, ती दाखवा." अकरा रात्री आम्ही चौघे एकेक ओळ तपासीत बसलो. चूक सापडली, पैसेही मिळाले. मात्र चौघांपैकी दोघे कंटाळून युनियन सोडून गेले. त्यांना आम्ही आजही दोष देत नाही.

न्यूयॉर्कचे फ्रँक नेल्सन कोल असेच बसले. या संख्येचा कोणताही भाजक १३४ च्या पटीहून एकाने अधिक असावा लागतो, म्हणून बहुतेक संख्या आधीच गळतात. तरी उरतो तो डोंगरच. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत ते फळ्याशी गेले. सांगतात, की एका बाजूस त्यांनी दोनाचा सदुसष्टावा घात काढून एक वजा केला; दुसऱ्या बाजूस १९,३७,०७,७२१ ला ७,६१,८३,८२,५७,२८७ ने गुणले. उत्तर एकच आले. चकार शब्द न काढता ते जागेवर येऊन बसले, आणि टाळ्या पडल्या. किती काळ लागला, असे पुढे कोणी विचारले तेव्हा म्हणाले, "तीन वर्षांचे रविवार."

रविवार! मुंबईच्या गिरणी कामगारांना तो नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली मिळाला. त्या दिवशी कोणी काय करावे, हे आम्ही सांगणार नाही. आम्ही स्वतः पुष्कळ रविवार झोपून काढले आहेत.

आज संगणक हे भाजक क्षणात काढतो. पण गुणाकार पडताळायला संगणक लागत नाही, तासाभराचे काम. आम्ही दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा जमला. ताळा घ्या: एकाच्या अंकांची बेरीज ३७, दुसऱ्याची ६४, मोठ्या संख्येची १०९. तिन्हींचा शेवट एकावर. ताळ्यावर भागत नाही, हे मघाशी सांगितलेच. खडू येथे ठेवला आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी फळ्याशी यावे.