पाचशे डॉलरांचा हिशेब



या व्यासपीठावरून वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत अनेक थोर विषय आपण ऐकले आहेत. आमचा आजचा विषय त्यांच्या पंक्तीला बसणारा नाही. परदेशात असताना विमानातील राखून ठेवलेली जागा आम्ही रद्द केली, त्यापायी कंपनीने पाचशे डॉलर कापून घेतले, आणि ते परत मिळवण्यासाठी आम्हांला चार महिने भांडावे लागले, एवढीच ही हकीकत. चिटणीसांनी ती ऐकली आणि आग्रह धरला. मुले परदेशी आहेत अशी मंडळी आज समोर पुष्कळ दिसतात. त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून आम्ही होकार दिला. कंपनीचे नाव मात्र सांगणार नाही. तिच्यासारख्या आणखीही आहेत, आणि एकीचे नाव घेतले की बाकीच्या साळसूद ठरतात.

न्यू जर्सी राज्यात एडिसन येथे आमची कन्या राहते. आम्ही उभयता तिच्याकडे गेलो होतो. तेथे असता साताऱ्याहून निरोप आला की आमचे थोरले बंधू अण्णा यांना इस्पितळात ठेवले आहे. प्रकृती सुधारत आहे, दहाबारा दिवसांत घरी सोडतील. आमचे परतीचे तिकीट दोन महिन्यांनंतरचे होते. अण्णा घरी येतील त्या सुमारास आपण तेथे असावे, असे मनाने घेतले. रात्री नऊ वाजून चाळीस मिनिटांनी कन्येने विमान-कंपनीला दूरध्वनी केला, अकरा दिवसांनंतरच्या विमानात दोन जागा घेतल्या आणि आपल्या क्रेडिट कार्डावर पैसे भरले.

सकाळी सात वाजता पुन्हा साताऱ्याचा दूरध्वनी आला. अण्णा गेले होते.

आठ वाजता कन्येने कंपनीला पुन्हा गाठले. "ती तिकिटे नकोत, आज संध्याकाळची द्या," एवढे तिचे बोलणे आम्ही ऐकले. पलीकडच्या बाईंनी काहीतरी शुल्काचे सांगितले. कन्या हो, हो म्हणाली. अशा वेळी कोण काय ऐकतो! अंत्यदर्शन मिळणार नव्हतेच, दिवसकार्याला तरी पोहोचलो.

तीन आठवड्यांनी कार्डाचे मासिक टिपण निघाले. कन्येने ते आम्हांस धाडले. माणशी अडीचशे, दोघांचे मिळून पाचशे डॉलर कापलेले होते. तिने सोबत लिहिले होते, "बाबा, जाऊ द्या ना आता." आम्हांलाही प्रथम तसेच वाटले. घरात सुतक सरलेले, आणि आपण पैशासाठी पत्रे लिहीत बसायचे, याची मध्यमवर्गीय माणसाला लाज वाटते. या लाजेवर कितीतरी कंपन्यांचे चरितार्थ चालत असावेत, असे आमचे आता मत झाले आहे.

तरी पत्र लिहिले. ते पहिले पत्र आज वाचताना आमचे आम्हांलाच अवघडल्यासारखे होते. चार पाने! अण्णांचा आजार, आमचे वय, भावाभावांचे प्रेम, सारे त्यात होते. शेवटी 'आपण सहानुभूतीने विचार करावा' अशी विनंती होती. अडीच आठवड्यांनी उत्तर आले. कंपनीला आमच्या दुःखाबद्दल फार वाईट वाटत होते. निकटच्या नातेवाइकाच्या मृत्यूच्या प्रसंगी कंपनी स्वेच्छेने सवलतीचा विचार करू शकते. त्यासाठी मृत्यूचा दाखला पाठवावा.

आम्ही दाखला पाठवला. नगरपालिकेच्या शिक्क्याचा तो कागद, त्यावर अण्णांचे संपूर्ण नाव, वडिलांचे नाव, मृत्यूची वेळ. आणि तो आम्ही कधीही न पाहिलेल्या एका कारकुनाकडे पाचशे डॉलरांसाठी धाडत होतो. त्यांचे दुसरे उत्तर आले. दोनशे डॉलरांचे प्रवास-कूपन ते देऊ करीत होते, मुदत एक वर्ष. पैसे परत मिळणार नाहीत. कारण प्रवाशाने तारीख 'बदलली', बदलाला शुल्क पडते, ते दूरध्वनीवर सांगितले होते आणि प्रवाशाने मान्य केले होते.

त्या रात्री आम्ही कंपनीची पत्रे बाजूला ठेवली आणि नुसते टिपण घेऊन बसलो. अण्णांनी सारी हयात सहकारी संस्थांच्या हिशेबतपासणीत घालवली होती. आधी पत्रव्यवहार वाचू नये, आधी नोंदी वाचाव्यात, पत्रे माणसाला फिरवतात, असे ते म्हणत. टिपणात तीन नोंदी होत्या. पहिल्या दिवशी दोन तिकिटांचे पूर्ण भाडे खर्ची. दुसऱ्या दिवशी नव्या दोन तिकिटांचेही पूर्ण भाडे खर्ची. आणि चार दिवसांनी पहिले भाडे, पाचशे वजा करून, जमा. आता तारीख जर बदलली असती, तर जुन्या भाड्याची रक्कम नव्यात वळती करून फक्त फरक आणि शुल्क घेतले असते. येथे जुना व्यवहार मोडून नवा केलेला होता. मग दोन्ही आरक्षणांच्या पोचपावत्या काढल्या. विमानाच्या प्रत्येक आरक्षणाला सहा अक्षरांची व आकड्यांची एक खूण असते, तिला पीएनआर म्हणतात. नुसती तारीख बदलली तर ती खूण सहसा तीच राहते. आमच्या दोन पावत्यांवर दोन निरनिराळ्या खुणा होत्या. म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या दप्तराप्रमाणे पहिले आरक्षण रद्द झाले होते, आणि पत्रात मात्र ते 'बदलले' होते.

या एका शब्दावर कंपनी का अडून बसली, ते सांगितले पाहिजे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. अमेरिकेत १९७८ पर्यंत देशांतर्गत विमानभाडी सरकारी मंडळाच्या संमतीने ठरत. त्या वर्षी कायदा करून हे नियंत्रण उठवण्यास आरंभ झाला. स्पर्धा वाढली, भाडी उतरली, आणि स्वस्त तिकिटांना अटी चिकटल्या: आगाऊ घ्या, परत करू नका, बदलाल तर दंड भरा. यात सगळाच अन्याय आहे असे आम्ही म्हणणार नाही. विमान उडाले की रिकाम्या जागेची किंमत शून्य होते; भाजीवाल्याची मेथी निदान दुसऱ्या दिवशी अर्ध्या भावाने तरी जाते. एस. टी.चे तिकीट रद्द करतानाही पैसे कापले जातात आणि आपण कुरकुरत का होईना मान्य करतो. आयत्या वेळी जागा सोडणाऱ्याने काही भुर्दंड सोसावा, हे ठीकच आहे. पण अकरा दिवस आधीची जागा दहा तासांत परत दिली, तर कंपनीचे असे काय बुडाले?

नेमका हाच प्रश्न तेथील परिवहन खात्याने विचारात घेतला होता, हे आम्हांला फार उशिरा कळले. भाड्यावरचे नियंत्रण गेले तरी प्रवाशांशी अनुचित किंवा फसवे वर्तन करू नये हे पाहण्याचा अधिकार सरकारकडे राहिला. त्या अधिकारात खात्याने केलेला एक नियम २०१२ पासून अमलात आहे. प्रवासाच्या सात दिवस किंवा त्याहून आधी जागा घेतली असेल, तर कंपनीने दोहोंपैकी एक केलेच पाहिजे: एक तर पैसे न घेता सांगितलेल्या भाड्यात ती जागा चोवीस तास राखून ठेवावी, नाहीतर पैसे घेतल्यास चोवीस तासांत कोणताही दंड न लावता रद्द करू द्यावी. त्या देशात ये-जा करणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही तो लागू आहे. मात्र त्याला दोन फटी आहेत. जागा कंपनीकडून थेट घेतलेली हवी, दलालाकडून घेतली तर हा नियम त्या दलालाला बांधत नाही. आणि नियम 'रद्द' करण्यापुरता आहे; 'बदल' फुकट करून द्यावा असे त्यात नाही. म्हणून तो शब्द.

आमची चूक आता आमच्या ध्यानात आली. जेथे हक्क होता तेथे आम्ही दया मागत होतो. दयेच्या दारात प्रवेश केला म्हणजे दाखले द्यावे लागतात, आणि शेवटी कूपन मिळते. अण्णा गेले नसते, आमचा बेत नुसताच फिरला असता, तरीही ते पाचशे डॉलर आमचेच होते. नियमाला कारण लागत नव्हते.

पण या दयायाचनेत दिवस गेले होते. अमेरिकेत १९७४ चा फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्ट आहे. कार्डाच्या हिशेबात चूक असेल, तर ज्या टिपणात ती प्रथम आली ते धाडल्यापासून साठ दिवसांच्या आत बँकेला लेखी कळवावे लागते. नुसत्या दूरध्वनीने या कायद्याचे संरक्षण मिळत नाही, आणि पत्रही हिशेबाच्या तक्रारींसाठी दिलेल्या पत्त्यावरच जावे लागते. पत्र पोहोचल्यावर बँकेने तीस दिवसांत पोच द्यायची, आणि दोन हिशेब-महिन्यांत, फार तर नव्वद दिवसांत, निकाल लावायचा. तोवर वादातील रकमेचा तगादा लावता येत नाही. आम्ही दिवस मोजले. सत्तेचाळीस झाले होते.

कार्ड कन्येचे, म्हणून सही तिचीच हवी. तिला मध्यरात्री उठवले. या खेपेचे पत्र पाऊण पानाचे झाले. आरक्षण अमुक वाजता, खूण अमुक. रद्द अमुक वाजता, म्हणजे दहा तास वीस मिनिटांनी. प्रवासाला अकरा दिवस अवकाश. जमा करावयाची रक्कम इतकी, केली इतकी, येणे पाचशे. अण्णांचा त्यात उल्लेख नव्हता. ते पत्र तिने पोचपावतीच्या टपालाने बँकेस धाडले, आणि तोच मजकूर परिवहन खात्याकडे तक्रार म्हणून दिला. खाते तक्रार कंपनीकडे पाठवते. कंपनीने तीस दिवसांत पोच आणि साठ दिवसांत मुद्देसूद उत्तर द्यावे असा नियम आहे. कूपन आम्ही नाकारले. ते घेतले असते तर वाद मिटला असेच दप्तरी लागले असते.

कोणी विचारील की, हे सारे अमेरिकेचे झाले, आपल्याकडे काय? थोडक्यात सांगतो. आपल्या १८७२ च्या करार-कायद्याचे ७४ वे कलम असे की, करारभंगाबद्दल रक्कम आधी लिहून ठेवली असली, तरी मिळते ती वाजवी भरपाई, फार तर त्या रकमेइतकी. आधीच हाती आलेला पैसा जप्त करण्यालाही हेच तत्त्व लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेहचंद यांच्या खटल्यात सांगितले. विमान-कंपन्यांचे वकील यावर म्हणतात की तिकीट रद्द करणे हा भंगच नव्हे, ती करारातलीच एक सोय आहे आणि शुल्क ही तिची किंमत. युक्तिवाद हुशारीचा आहे. आम्हांला तो पटत नाही. ऑगस्ट २०१६ पासून आपल्या नागरी विमान-वाहतूक महासंचालनालयाने एवढे तरी बांधून दिले की रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे व इंधन-अधिभार यांच्या बेरजेहून अधिक असू नये, आणि सरकारी कर परत करावेत. तेव्हा तिकीट 'विनापरतावा' असले तरी करांची रक्कम मागून घ्यावी. पुष्कळ लोक ती सोडून देतात. २०१९ च्या ग्राहक-संरक्षण कायद्याने तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात दाखल करता येते, ही सोय साताऱ्याच्या माणसाला फार मोठी आहे.

आता आमच्या प्रकरणाचा शेवट. एकेचाळीसाव्या दिवशी कंपनीचे पत्र आले. आरक्षण रद्द झाले होते की बदलले होते, याविषयी त्यात अवाक्षर नव्हते. 'सदिच्छेपोटी' पाचशे डॉलर परत करण्यात येत आहेत, एवढेच होते. त्या शब्दाने आमचा संताप झाला. नियमाने येणे असलेला पैसा, आणि वर सदिच्छा! आम्ही तिसरे पत्र लिहायला घेतले. कन्या म्हणाली, "बाबा, आता पुरे. पैसे आले ना?" पैसे आले होते. बँकेनेही वाद बंद केल्याचे कळवले.

ते पत्र आम्ही पाठवले नाही. त्याऐवजी दोन ओळींचे दुसरे लिहिले, की सवलतीसाठी म्हणून आपण मागवलेला मृत्यूचा दाखला आता आपणांस लागणार नाही, तरी तो कृपया परत करावा. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.