तिच्या हातचे पाणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मी काही विदुषी नव्हे. पण 'धर्माची शिकवण आपल्या घरात' हा विषय ऐकला आणि मनात खुपत असलेली एक गोष्ट आठवली. तीच तुमच्यापुढे ठेवते.

आम्ही ख्रिस्ती माणसे. शुभवर्तमानातली विहिरीवरची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतो. भर दुपारी प्रभू येशू थकून विहिरीपाशी बसला होता. तेथे पाणी भरावयास एक शोमरोनी बाई आली. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत, पण येशूने तिच्याजवळच पाणी मागितले. ही गोष्ट मी रविवारच्या शाळेत मुलांना कितीदा तरी शिकविली.

आणि माझ्याच घरी मागच्या पडवीत खुंटीला कान तुटलेला एक कप वेगळा टांगलेला असे. तो परसदार झाडावयास येणाऱ्या बाईचा. नाताळात तिला करंज्या द्यावयाच्या, एखादे लुगडे द्यावयाचे, आणि आपण शिकवण पाळली असे मनाशी म्हणावयाचे!

मागच्या एका पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्यावरून पाय घसरून मी पडले. घरात कोणी नव्हते. त्या बाईने मला उठवून पायरीवर बसविले, आणि आपल्या बाटलीतले पाणी पुढे केले. माझ्या तोंडून निघून गेले, "नको गं, मला तहान नाही." घसा तर कोरडा पडला होता. ती म्हणाली, "असू दे बाई, मला समजतं." रागाचा एक शब्द नाही.

त्या रात्री मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा उघडली. लक्ष्मीबाई म्हणजे आपल्या जिल्ह्याची सून. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ सालचा, आपल्या जिल्ह्यातल्या करजगावचा. लक्ष्मीबाईंच्या माहेरी वडिलांचे सोवळे फार कडक. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि नवराबायकोची ताटातूट झाली. पुढे त्या टिळकांकडे राहावयास आल्या, तरी आपला स्वयंपाक वेगळाच ठेवीत. जाती देवाने केल्या की माणसाने, याचा विचार त्यांनी स्वतःच केला, आणि मन वळल्यावर सोवळे सोडले. बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर, १९०० साली घेतला. म्हणजे या बाईने आचरण आधी केले, नाव मागून घेतले. माझे अगदी उलटे झाले होते.

हे काही एकट्या ख्रिस्ती घरांचे नव्हे. आपल्या रत्नागिरीत १९३१ साली भागोजीशेट कीरांच्या पैशाने पतितपावन मंदिर उभे राहिले, ते सर्व जातींच्या लोकांना एकत्र दर्शन घेता यावे म्हणून. देवळाचे दार उघडले. पण घरातला वेगळा कप हलविणे त्या त्या घरच्या बाईच्याच हाती असते.

दुसऱ्या दिवशी मी तो कप टाकून दिला. पण टाकणे सोपे होते. ती आली तेव्हा म्हटले, "काल मी खोटे बोलले. मला तहान होती. आज तुझ्या बाटलीतले पाणी देशील?" ती क्षणभर पाहत राहिली. मग तिने बाटली उघडली.

आता आमचा चहा एकसारख्याच कपांतून होतो. तरी ती अजून पडवीच्या कडेलाच बसते. म्हणते, "सवय आहे." ती सवय कोणी लावली हे मला ठाऊक आहे. घोटभर पाण्याने इतक्या वर्षांची फेड होत नाही. म्हणून मीही तिच्याजवळ कडेला जाऊन बसते.

भगिनींनो, देताना आपला हात वर असतो, म्हणून देणे सोपे वाटते. घेण्यासाठी हात खाली धरावा लागतो. प्रभूने विहिरीवर तेच केले. घरी गेल्यावर आपापली खुंटी एकदा पाहा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.