मुसलमान मतदार आणि मागण्यांची सनद

(वेस्ट मांबलम, चेन्नई येथे मराठी रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



आजचा विषय ऐकल्यावर दोघा-तिघांनी मला बाजूला घेऊन विचारले, "मुसलमानांच्या निवडणुकांशी आपल्या युनियनचा काय संबंध?" आपण सरकारी नोकर आहोत. वर्तणूक नियमांप्रमाणे कोणत्याही पक्षाचा प्रचार आपल्याला करता येत नाही आणि मी तो करायला आलेलोही नाही. पण एखाद्या समाजाच्या मताला किंमत कशी येते आणि कशी जाते, हे समजून घ्यायला कोणताच नियम आड येत नाही. आणि संबंध म्हणाल तर तो जुना आहे.

१९३५ च्या कायद्याने प्रांतिक विधिमंडळांत मुसलमानांचे मतदारसंघ वेगळे राहिले, हे सर्वांना माहीत आहे. त्याच कायद्याने कामगारांनाही वेगळ्या जागा दिल्या होत्या, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? ज्योती बसू पहिल्यांदा विधिमंडळात गेले ते १९४६ साली, बंगालमधल्या रेल्वे कामगारांच्या मतदारसंघातून. त्यांनी पराभव केला तो हुमायून कबीर यांचा, जे पुढे केंद्रात मंत्री झाले. त्या वर्षी देशभर हिंदूंनी एका पेटीत आणि मुसलमानांनी दुसऱ्या पेटीत मत टाकले. रेल्वे कामगारांच्या मतदारसंघात मात्र पेटी एकच होती. एक उमेदवार हिंदू, दुसरा मुसलमान, आणि वाद कोणाची युनियन कामगाराची, हा.

स्वातंत्र्यानंतर दोन्ही प्रकारच्या वेगळ्या जागा गेल्या. घटना समितीने स्वतंत्र मतदारसंघ १९४७ साली नाकारले आणि धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागाही १९४९ च्या मे महिन्यात रद्द केल्या. मुसलमान मतदार आता सर्वांच्या पेटीत मत टाकणार होता. त्या पेटीत त्याचे मत हरवून जाणार की मोजले जाणार, हा प्रश्न होता.

त्याचे एक उत्तर याच शहरात शोधले गेले. माउंट रोडवरचा राजाजी हॉल तुम्ही पाहिला असेल. तिथे १० मार्च १९४८ रोजी इंडियन युनियन मुस्लिम लीगची स्थापना झाली. नेते मुहम्मद इस्माईल, ज्यांना लोक 'काइदे मिल्लत' म्हणत. फाळणीला वर्षही झाले नव्हते, 'लीग' हा शब्द उच्चारणे कठीण होते, तेव्हा त्यांनी हे केले. घटना समितीत त्यांनी स्वतंत्र मतदारसंघाचा आग्रह धरला, तो मला मान्य नाही. वेगळ्या पेटीने शेजाऱ्याला मत मागायची गरजच संपते. पण त्याच घटना समितीत राष्ट्रभाषेच्या वादात हा माणूस तमिळचा दावा मांडायला उभा राहिला, हेही सांगितले पाहिजे. आपण मराठी माणसे इथे राहून तमिळ शिकतो. इथल्या बहुसंख्य मुसलमानांची ती घरचीच बोली आहे.

हरल्यावर त्यांनी काय केले, ते आपल्या कामाचे आहे. वेगळी पेटी गेली तर त्यांनी युती केली. १९६७ साली लीग द्रमुकच्या आघाडीत होती आणि अण्णादुरै मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी केरळात नंबुद्रिपाद यांच्या मंत्रिमंडळात लीग सामील झाली. इस्माईल स्वतः मंजेरीतून १९६२, १९६७ आणि १९७१ अशा तीन वेळा लोकसभेवर गेले. १९७२ साली ते वारले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे तामिळनाडूत मुसलमान शेकडा सहासुद्धा नाहीत. एवढ्या लहान समाजाने जागा मोजून मागितल्या, आणि जागांबरोबर मागण्याही मांडल्या. २००७ साली करुणानिधी सरकारने मागासवर्गीयांच्या कोट्यातून मुसलमानांसाठी साडेतीन टक्के वेगळे काढले. त्याआधी मुसलमान संघटनांनी वर्षानुवर्षे मेळावे घेतले, निवेदने दिली. वाटाघाटीच्या टेबलावर ज्यांनी आयुष्य काढले त्यांना हे वेगळे समजवायला नको.

आता आपल्या महाराष्ट्राकडे बघा. तिथे मुसलमान साडेअकरा टक्के, म्हणजे इथल्या जवळजवळ दुप्पट. श्रीवर्धनचे अंतुले १९८० साली मुख्यमंत्री झाले, याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. पण २०१४ च्या जुलैत वटहुकमाने दिलेले पाच टक्के आरक्षण बघा. उच्च न्यायालयाने त्यातला शिक्षणाचा भाग चालू ठेवला, तरी वटहुकमाचा कायदा झाला नाही आणि वर्षअखेर तो मेला. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्राच्या अठ्ठेचाळीस जागांवर एकही मुसलमान निवडून आला नाही. ज्या आघाडीला मुसलमानांनी भरभरून मते दिली तिने अठ्ठेचाळीसात एकही मुसलमान उभा केला नव्हता! हे मत दुसरीकडे जाणार कुठे, असा हिशोब. युनियनमध्येही असे होते. जी शाखा कधी प्रश्न विचारत नाही, तिची मागणी यादीत शेवटी जाते.

यावर चिडून वेगळ्या पक्षाकडे जाणे समजू शकते. पण त्यातही बेरीज पुरत नाही. मालेगावात, यंत्रमागावर जगणाऱ्या गावात, २०२४ च्या विधानसभेला दोन मुसलमान उमेदवारांतच झुंज झाली आणि निकाल लागला १६२ मतांनी. एखाद्या कारखान्यातल्या एका पाळीची हजेरी याहून जास्त असते. एवढ्या चुरशीतही यंत्रमाग कामगाराचे वेतन हा प्रचाराचा मुख्य मुद्दा झाला नाही.

आणि समाजाची मागणी म्हणजे कोणाची मागणी? चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई हे विचारत होते. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुसलमान बायकांचा मोर्चा त्यांनी विधिमंडळावर नेला, तोंडी तलाकाविरुद्ध. सात! मोर्चा कसला, असे लोक हसले असतील. शहाबानो प्रकरणात १९८६ साली सरकारने कायदा केला तेव्हा पुढाऱ्यांचे ऐकले. त्या सातजणींसारख्या बायकांना कोणी विचारले नाही. मतपेढी म्हणतात ती अशी तयार होते. खातेदार एक, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

परदेशात काय घडले तेही बघू. ब्रिटनमध्ये युद्धानंतर गिरण्यांत आणि बसगाड्यांवर कामाला गेलेले पाकिस्तानी आणि हिंदी मुसलमान राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून लगेच मतदार झाले. तरी पहिला मुसलमान खासदार व्हायला १९९७ साल उजाडले: ग्लासगोचे मोहम्मद सरवर. लंडनच्या एका बस ड्रायव्हरचा मुलगा सादिक खान २०१६ साली त्या शहराचा महापौर झाला. मजूर पक्षाने ही मते आपल्या घरची मानली. २०२४ साली गाझाच्या प्रश्नावर ती मते फिरली आणि लेस्टर साऊथमध्ये पक्षाचा बडा नेता ९७९ मतांनी एका अपक्षाकडून हरला.

मला जास्त शिकवणारी गोष्ट जर्मनीची वाटते. १९६१ च्या कराराने तुर्की मजूर तिथे गेले, 'पाहुणे कामगार' म्हणून. पाहुण्याला मत नसते. संसदेला नाही, नगरपालिकेला नाही. पण कारखान्यातल्या कामगार समितीच्या निवडणुकीत परदेशी कामगार मतदार होताच, आणि १९७२ च्या कायद्याने तो उमेदवारही झाला. देशाने ज्याला नागरिक मानले नाही, त्याला शेजारच्या यंत्रावरच्या जर्मन फिटरने प्रतिनिधी म्हणून निवडून दिले. अशा मजुरांच्या घरात वाढलेला चेम ओझदेमिर १९९४ साली जर्मन संसदेत गेला.

आपल्याकडे अशी पेटी आहे. रेल्वेत युनियनच्या मान्यतेसाठी २००७, २०१३ आणि २०२४ साली गुप्त मतदान झाले. त्या मतपत्रिकेवर धर्माचा रकाना नसतो. पण शाखेच्या कार्यकारिणीची यादी मी बघतो तेव्हा विचारावेसे वाटते: लोको शेडमध्ये, गँगमध्ये, आर.एम.एस.मध्ये जे मुसलमान सहकारी आहेत, त्यांतले या यादीत किती? माझ्या जुन्या शाखेत एक फिटर होता. संपात सर्वांत पुढे, वर्गणी गोळा करण्यात पुढे. पदाधिकारी निवडताना दर वर्षी कोणीतरी म्हणे, "तो आहेच आपला." तो निवृत्त झाला, सभासद म्हणूनच. आम्हीही त्याचे मत गृहीत धरले होते.

एक कामाचे सांगतो. नोव्हेंबर २०२५ पासून तामिळनाडूत मतदारयाद्यांची विशेष सखोल फेरतपासणी झाली. बदलीच्या नोकरीत आपली नावे सोलापूरला, भुसावळला अडकलेली असतात. जुने कागद मागितले की धावपळ होते. ज्याचे नाव उर्दूतून तमिळमध्ये आणि तमिळमधून इंग्रजीत जाताना तीन तऱ्हांनी लिहिले जाते, त्याची धावपळ तिप्पट. मतदार ओळखपत्रे टपालानेच येतात. पोस्टमन बांधवांना ठाऊक आहे की कोणत्या गल्लीतली पाकिटे 'पत्त्यावर राहत नाही' असा शेरा घेऊन परत जातात. तेव्हा घरी गेल्यावर आपले नाव यादीत बघा, आणि उद्या कामावर शेजारच्या बाकावरच्या सहकाऱ्यालाही त्याचे नाव बघायला सांगा. अर्ज भरायला मदत हवी असेल त्यांच्यासाठी रविवारी सकाळी मी इथेच बसणार आहे.